मादरपाटाची पट्टी

कार्तिकातल्या त्या रविवारी सत्यवतीबाई अंगणात सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. एकेक सुपारी कानाशी नेऊन हलवायची, आत काही खुळखुळतं का ते ऐकायचं, आणि मगच धुवून उन्हात मांडायची. किडकी सुपारी गणपती म्हणून बसवली तर गणपती काही बोलत नाही, पण आपल्याला ठाऊक असतं ना, असं त्यांचं म्हणणं.

चारुशीला पायरीवर सहामाहीचे पेपर तपासत होती. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत ती संस्कृत शिकवी. महिन्यातून दोनदा, शनिवारची शाळा सुटली की गाडी धरायची, बडनेऱ्याला बदलायची आणि दिवेलागणीला अमरावतीला घरी पोचायचं. रविवारी संध्याकाळी परत.

"बाळापूरच्या खुशालरावांची वास्तुशांत अजून महिन्यावर आहे, आई. आतापासून काय मांडून बसलीस?"

"मांडून नाही बसले. भरून राहिले," सत्यवतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवर मादरपाटाची, जाड सुती कापडाची, पट्टी पसरली होती. वीतभर रुंद, दोन हात लांब, तिला ओळीनं सतरा कप्पे शिवलेले. अशा पट्ट्या त्यांच्याकडे पाच होत्या. लग्नाची, मुंजीची, सत्यनारायणाची, श्राद्धाची आणि ही वास्तुशांतीची. प्रत्येकीच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा. विधीत जे आधी ते आधीच्या कप्प्यात, जे मागाहून ते मागच्या. सगळं सामान नाही, नुसती खूण. नारळाच्या जागी शेंडीचे चार केस, समिधांच्या जुडीतली एकच काडी. पूजेला बसलं की त्या नवऱ्याच्या, मोरोपंत भटजींच्या, डाव्या हाताला बसत आणि पट्टी कप्प्याकप्प्यानं उलगडत नेत. बाईच्या टापटिपीचं सगळ्यांना कौतुक होतं. थोडं हसूही येई.

"तू आता नानांबरोबर जाणं सोड बघू," चारुशीला म्हणाली. "गुडघे बघ तुझे. एस्टीत चढता येत नाही, आणि काखेत पिशवी मारून त्यांच्या मागं मागं. लोक हसतात."

"कोण हसतं?"

"उद्धवकाका हसतात. म्हणतात, मोरोपंतांनी म्हातारपणी बायकोलाच शिष्य केलं."

"हसतील त्यांचे दात दिसतील. उद्धवभावजींचे तर पुढचे दोनच राहिले." त्यांनी एक सुपारी बाजूला टाकली. "ही किडकी."

ओसरीवरून नानांचा, मोरोपंतांचा, आवाज आला. "अगं, आज वार कोणता?"

"रविवार. चारू आली आहे ना, म्हणजे रविवारच."

चारुशीलेनं पट्टीवर बोट फिरवलं. अकरावा कप्पा रिकामा होता. "इथं काय भरायचं राहिलं?"

"तिथं काही नसतं."

"मग शिवला कशाला?"

"तिथं मी असते," त्या हसल्या. "ऊठ, चहा ठेव."

चहा उकळत असताना ओसरीवरून पुन्हा तोच प्रश्न आला आणि अंगणातून पुन्हा तेच उत्तर गेलं, त्याच शब्दांत आणि त्याच आवाजात. जणू पहिल्यांदाच विचारलंय. चारुशीलेनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिच्या डोक्यात नववीच्या मुलींनी केलेल्या संधीच्या चुका होत्या. पुढं कितीतरी दिवस ती ते दुसरं उत्तर आठवीत राहिली.

संध्याकाळी आईनं डब्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. सोमवारी दुपारी शाळेत तार आली. सकाळी नळावर पाणी भरता भरता सत्यवतीबाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

*

तेराव्याचा गोडाचा घास झाला, पाहुणे पांगले, आणि ओसरीवर घरचीच पाच माणसं उरली. उद्धवकाका, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, तेही भिक्षुकीच करत. कमलाकांत हा चारुशीलेचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या कोर्टात त्याची वकिली नुकती चालू लागली होती. त्याची बायको प्रमोदिनी खांबाला टेकून बसली होती. तेरा दिवस घर तिनं एकटीनं ओढलं होतं. नाना झोपाळ्यावर होते. झोपाळा हलत नव्हता.

"दादा," उद्धवकाकांनी सुरुवात केली, "बाळापूरचं मी करतो. तुम्ही कमलकडे अकोल्याला जा, आराम करा."

"खुशालरावाला मी शब्द दिला आहे," नाना म्हणाले. "त्याच्या आजाचं घर माझ्या आजानं शांत केलं. आम्ही दोघांनी शब्द दिला आहे."

"दोघांतलं एक गेलं आता."

"उद्धवकाका!" चारुशीला म्हणाली.

"तू गप बस चारू. पुस्तकं वाचून सगळं कळत नाही." काकांचा आवाज चढला आणि मग आपोआप खाली आला. "बडनेऱ्याच्या लग्नात काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. चौपन्न साली. सप्तपदी झाली आणि दादांनी पुन्हा कन्यादानाचा संकल्प सोडायला घेतला. मांडव हसला. वहिनीनं पुढं होऊन, मुलीला भोवळ आली म्हणून गलका केला, म्हणून निभावलं. तेव्हापासून वहिनीनं त्यांना एकटं कुठं पाठवलं नाही. मला यजमान हवेत म्हणून मी बोलत नाही. म्हणजे, हवेत; खोटं कशाला बोलू? पण माझा थोरला भाऊ चारचौघांत अडखळावा, हे मला बघवणार नाही."

कमलाकांत वकिली सुरात म्हणाला, "ताई, काका म्हणतात ते बरोबर आहे. नानांना माडीवरची खोली देऊ. सकाळी पेपर, संध्याकाळी राजेश्वराचं दर्शन. मान राखूनच थांबावं माणसानं."

"हो ना," प्रमोदिनी म्हणाली. "आता कशाला दगदग?"

नाना उठून आत गेले. फडताळ उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात निळ्या दोऱ्याची, वास्तुशांतीची पट्टी होती. स्वच्छ, पांढरी, घडी घातलेली. त्यांनी पहिल्या कप्प्यात दोन बोटं घातली. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात.

"यात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"नाना, मी धुतल्या त्या," प्रमोदिनी पुढं झाली. "सुतक फिटलं ना, म्हणून दहाव्याला घरातलं सगळं कापड धुतलं. धुण्याच्या खारात उकळल्या पाचही. काही गेलं नाही हां. सगळ्या सुपाऱ्या एका डब्यात आहेत, जानवी वेगळी ठेवलीत, आणि मोहरी चांगली होती म्हणून फोडणीच्या डब्यात टाकली."

तिचं काय चुकलं? त्या घरात कोणत्याही सुनेनं तेच केलं असतं.

नाना झोपाळ्यावर बसले. सतरा कप्पे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेले, परत आले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मेळ्यात हात सुटलेलं लहान मूल चेहऱ्यांकडे बघतं, तसं त्यांनी चौघांकडे पाहिलं.

चारुशीलेला आता उमगलं. उद्धवकाकांना नाना अडखळतात एवढंच ठाऊक होतं. एरवी अडखळत का नाहीत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चौपन्नच्याच उन्हाळ्यात आईनं तिला अकोल्याहून सहा वार मादरपाट आणायला सांगितला होता. "परकर शिवायचेत," म्हणाली होती. परकर कधी दिसले नाहीत, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

सात वर्षं. किती लग्नं, किती मुंजी, किती सत्यनारायण! बैलगाडीतून, एस्टीतून, अंगात ताप असताना शाल गुंडाळून. अठ्ठावन्न साली अकोटला आजी, आईची आई, गेली, तेव्हा आई दहाव्याला पोचली नाही, कारण त्या दिवशी नानांची एक मुंज होती. घरी आल्यावर चारुशीलेनं तिला तोंडावर म्हटलं होतं, "तुला माहेरची मायाच नाही." आई मान खाली घालून पट्टीची गुंडाळी करत राहिली होती.

*

दुसऱ्या दिवशी चारुशीलेनं सोपा मार्ग काढून पाहिला. वास्तुशांतीच्या प्रयोगाची पोथी, विधी आणि मंत्र क्रमानं लिहिलेली, घेऊन ती नानांसमोर बसली. नऊ वर्षांची असताना तिनं मंत्र शिकवा म्हणून हट्ट धरला होता. "हे मुलींचं नाही," असं म्हणून नानांनी तिला आत पाठवलं होतं. त्या रागानं ती पुढं संस्कृत शिकली, एम.ए. झाली. पोथीतली अक्षरं आता तिला परकी नव्हती.

"नाना, मी सुरुवात सांगते, तुम्ही पुढं म्हणा."

तिनं चार शब्द म्हटले. नानांनी उपरण्याचा काठ चाचपला. पुढचे चार म्हटले. नानांनी मान फिरवली.

"पुस्तकातून सांगू नको मला," ते म्हणाले. रागापेक्षा लाजच जास्त होती त्या आवाजात. मग हळूच, "शब्द दिलेस की शब्द पळतात गं. तुझी आई हातात द्यायची."

चारुशीलेनं पट्टी घेतली आणि मागच्या अंगणात गेली. दुपारचं ऊन होतं. मैनाबाई भांडी घासत होती. वीस वर्षं ती या घरात येत होती; आईच्या मर्तिकाला सख्ख्या बहिणीसारखी रडली होती.

"काय पायता त्या फडक्यात, चारुताई?"

"आईनं कशात काय ठेवलं होतं ते."

"अन् ते कोन इसकटलं?"

दारात प्रमोदिनी उभी होती. "मी," ती म्हणाली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही ताई. मला सांगितलं असतं कुणी तर..."

"कुणालाच सांगितलं नव्हतं वहिनी."

"मले ठाव होतं," मैनाबाई राखेच्या हातानं कपाळ पुसत म्हणाली. "सबन नाई, पन बाई दुपारी अथीच बसून पाठ करत. मी भांडे घासो, अन् त्या मले इचारत, मैना, आता कोनतं? म्या म्हनो, मले काय इचारता, मी काय भटीन हाये? त तशा हासत. म्हनत, तू चुकली त चालते, मी चुकली त त्यायची इज्जत जाते."

चारुशीलेनं पट्टी तिच्यापुढं पसरली.

"पयले सुपारी," मैनाबाईनं बोटं मोजायला सुरुवात केली. "मंग आंब्याचं पान. मंग कुकवाचे तांदूय. मंग... थांबा, गवत. दुर्वा."

चारुशीलेनं पहिला कप्पा उलटा केला. खारात उकळलेल्या कापडाची वरची बाजू पांढरी शुभ्र होती, पण आत, शिवणीच्या कोपऱ्यात, हळदीचा डाग तसाच होता. सुपारीला लावलेली हळद. दुसऱ्या कप्प्यात चिकाचा तपकिरी ठिपका. तिसऱ्यात गुलाबी शिंतोडे. चौथ्याच्या शिवणीत गवताचा वाळका तंतू.

"हे बघा, ताई," प्रमोदिनी कधी शेजारी येऊन बसली ते कळलं नाही. तिनं बारावा कप्पा उलटा करून बोटावर धरला होता. टाक्यांच्या मध्ये मोहरीचा एकच दाणा अडकला होता. "हा नाही निघाला."

मग दोघी वाकून वाचू लागल्या. कुठं चंदनाचं वर्तुळ, कुठं तुपाचा तेलकट डाग. एका कप्प्याला समिधेच्या काडीनं बारीक भोकं पाडली होती, सतराव्यात नारळाच्या शेंडीचा केस. जिथं डाग बोलेना तिथं मैनाबाई बोले, आणि जिथं तीही अडे तिथं चारुशीला पोथी बघे. आयुष्यभर तिनं पुष्कळ वाचलं होतं. पण एवढं थोडक्यात एवढं मोठं लिहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मंत्र म्हणण्याचा अधिकार नसलेल्या बाईनं ऐकून ऐकून पाच विधी मनात साठवले होते, आणि ज्याचे ते होते त्याला रोज थोडे थोडे परत दिले होते. हातात, वस्तूवस्तूनं, आणि त्याला लाज वाटणार नाही अशा बेतानं.

अकराव्या कप्प्याशी त्या थांबल्या. आत एकही डाग नव्हता. मात्र त्याचं तोंड सगळ्यांत जास्त विरलं होतं, बोटांनी.

"त्याच्यात काईच नसे," मैनाबाई म्हणाली. "तथी आल्या का बाई उगीच थांबत. मंग म्होरं जात."

संध्याकाळी कमलाकांत बाहेरून आला तेव्हा प्रमोदिनीनं त्याला चहा देता देता सांगून टाकलं, "बाळापूरला नानाच जातील. ताई बसतील सोबत. तुम्ही मध्ये पडू नका."

"काल तर तू म्हणालीस, दगदग कशाला?"

"काल मला अक्कल नव्हती," प्रमोदिनी म्हणाली.

उद्धवकाकांनी तेवढ्यावर माघार घेतली नाही. "मीही येतो," ते म्हणाले. "मागं बसेन. अडले तर तिथून पुढं मी उचलेन. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. अकोल्याची खोली. कबूल?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

"कबूल," नाना म्हणाले.

*

बाळापूरला खुशालरावांचं नवं घर किल्ल्याच्या अंगाला होतं. चुन्याचा वास अजून ओला होता. गावभरचे लोक लोटले होते. खुशालराव दारातच सामोरे आले. "या महाराज! बाईचं आयकलं. लय वाईट झालं. मले वाटलं तुमी काई येत नाई आता."

"शब्द होता," नाना म्हणाले.

चारुशीला त्यांच्या डाव्या हाताला बसली. खुशालरावांची बायको पंचफुला तिच्या शेजारी. उद्धवकाका मागं, भिंतीशी, सोवळ्याचं उपरणं सावरत. प्रमोदिनीनं स्वतः निवडलेली सुपारी पहिल्या कप्प्यात होती. चारुशीलेनं ती नानांच्या तळहातावर ठेवली.

नानांनी मूठ मिटली, आणि आवाज आला. तो म्हाताऱ्या माणसाचा आवाज नव्हताच. पाय रोवून उभा असलेला, भरलेला, एकाही अक्षराला न चुकवणारा आवाज. लहानपणी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ती ऐकत असे तो. आंब्याचं पान, कुंकवाच्या अक्षता, दुर्वा. एक वस्तू हातात पडे आणि तिच्यामागून पाटाला पाणी सोडावं तसे मंत्र वाहत येत. वस्तू संपली की पाणी आटे. नानांचा हात पुढं होई आणि ती पुढची ठेवी. चार वेळा, पाच वेळा, दहा वेळा. तिला घाम फुटला होता. हे आईनं सात वर्षं केलं. सात वर्षं, प्रत्येक वेळी, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता.

मग अकरावा कप्पा आला.

नानांनी आपणच त्यात दोन बोटं घातली आणि ते थांबले. चारुशीलेनं बारावा उलगडून मोहरी पुढं केली. त्यांनी घेतली नाही. ते वाट बघत होते. खुशालरावांनी मान वर केली. बायकांतली कुजबुज थांबली. मागं उद्धवकाकांनी घसा साफ केला आणि गुडघ्यावर हात ठेवून ते उठू लागले.

पाणी हवंय का? दम लागलाय का? आई इथं काय द्यायची? तिनं त्या विरलेल्या कडेकडे पाहिलं, आणि अंगणातला तो रविवार तिच्यासमोर उभा राहिला. सुपाऱ्यांवरचं ऊन. तिथं काही नसतं. तिथं मी असते.

तिनं त्या रिकाम्या कप्प्यात आपलीही बोटं घातली. नानांची बोटं थंड होती. तिनं ती धरली.

"मी आहे, नाना," ती म्हणाली.

नानांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता आलं नसतं. पण त्यांचा श्वास खोल गेला, त्यांनी हात सोडवून घेतला आणि मोहरी मागितली. मग उठून दाही दिशांना ती फेकत, घराच्या कोपऱ्याकोपऱ्याला दटावत त्यांचा आवाज असा चढला, की ओट्यावरची माणसं आत सरकली. उद्धवकाका भिंतीला टेकले. त्यांचे डोळे भरले होते. थोड्या वेळानं तेही मागून, खालच्या पट्टीत, भावाला साथ देऊ लागले.

चारुशीला अकराव्या कप्प्यावर हात ठेवून बसली होती. तिचे ओठ हलले.

"मले काई म्हनलं का बाई?" पंचफुलेनं वाकून विचारलं.

"नाही, आईला म्हटलं," चारुशीला म्हणाली. आणि मंत्रांच्या त्या घोषात, कुणी ऐकलं तर ऐकू दे म्हणून, तिनं ते पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "माझं चुकलं, आई. मला तेव्हा कळलं नाही. तू किती मोठी होतीस ते मला कळलं नाही."